नोंदवहीतल्या दोन चौकटी

दौलत घाडी या माणसाची गोष्ट मी चोवीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो, आणि चोवीस वर्षं खोटी सांगत आलो.

मी घोड्यांचा डॉक्टर. राहायला दादरला. एका घोडीच्या पोटातला सात-आठ दिवसांचा गर्भ काढून दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवायला ठेवणं, हे माझं खास काम. यावर मला व्याख्यानं द्यायला बोलावतात. ‘गर्भ राहणं किंवा न राहणं कशावर ठरतं?’ हा विषय. मूळ घोडीचं वय, दुसरीचं वय, दोघींचं बीज सुटण्यातलं अंतर, गर्भाची प्रत, हाताळणीतला वेळ, डॉक्टरचा हात. असं सगळं सांगून झालं की शेवटी मी पडद्यावर एका नोंदवहीचं पान दाखवायचो. पानावर सहा घोड्यांची नावं, पुढे रोजच्या चौकटी, आणि दोन चौकटींच्या कडेला गुलालाचा लालभडक अंगठा. ‘आमचा मोतद्दार शिमग्याला गावी गेला आणि परत येऊन त्यानं दोन दिवसांच्या माजाच्या नोंदी अंदाजपंचे भरल्या. गेला गर्भ!’ असं म्हणालो की हशा यायचा. माझ्या व्याख्यानातला हमखास हशा तेवढाच.

मागच्या मार्चमध्ये पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं हात वर केला. ‘‘सर, नोंद चुकीची होती, पण मग त्या घोडीचं बीज खरं कधी सुटलं होतं? ते तपासलंच असेल ना तुम्ही?’’

मी म्हणालो, ‘‘वेळ कमी आहे, पुढचा प्रश्न.’’ घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं, तर पित्त झालंय म्हणून सांगितलं. तपासलं होतं. माझ्या हातानं तपासलं होतं आणि माझ्या खिशातल्या डायरीत लिहिलं होतं. दौलतमामांच्या नोंदीमुळे काही बिघडलं नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

म्हणून आता हा माणूस जसा होता तसा लिहितो. निदान एकदा.

दौलत घाडी देवगडकडचे. बाप डिलाईल रोडच्या एका गिरणीत होता, म्हणून हेही तिथेच लागले. पहिली चार वर्षं बदली कामगार. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, जो कुणी आला नसेल त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, चढायचं, त्याचं अर्धवट कापड आपल्या हातानं पुढे विणायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाशी. पुढे कायम झाले. स्वतःचे साचे मिळाले. मालनशी लग्न झालं, बीडीडी चाळीत एक खोली झाली. आणि ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. दौलत तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.

‘‘संप मिटला असं आमका कोणी कधी सांगल्यानच नाय,’’ असं ते म्हणायचे. त्यात गंमत होती आणि नव्हतीही. वर्षभरानं काही लोक आत गेले, यांना घेतलं नाही. मालनबाईंनी गावच्या सात-आठ एकट्या माणसांची खानावळ सुरू केली. त्या एका खोलीत दोन वेळा पंगत उठायची आणि दौलत दाराबाहेर गॅलरीत बसून राहायचे. कमावत्या माणसांची ताटं वाढायला घरात आपण कशाला, असं त्यांना वाटायचं.

आता त्यांची एक कला. साचेखात्यात दोनशे साचे एकदम धडाडत असत. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, ते बघावं लागतं. कान लवकर जातात आणि डोळे तयार होतात. दौलतमामा वीस हातांवरून माणसाचे ओठ वाचत. मी कुणाशी फोनवर बोलत असलो की लांबून हसायचे. ‘‘डॉक्टर, उद्या दादरला वैनींबरोबर खरेदी? मेलात!’’

गिरणी बंद झाली, पण तिची गोदामं उभी होती. त्यातलं कापसाचं एक मोठं गोदाम गिरगावच्या अप्पांनी भाड्यानं घेतलं. अप्पांच्या घरात तीन पिढ्या घोडागाड्या. गाड्या गेल्या तरी अप्पांचा घोड्यांचा नाद सुटला नाही. त्यांनी काठेवाडी घोड्या पाळल्या होत्या. त्यातली ताजण म्हणजे त्यांचा जीव. कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, चालीला अशी की पाठीवर भरला पेला ठेवावा. अप्पांना राखणदार हवा होता. दौलत गेले आणि आपल्याच गिरणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहिले. सहा महिन्यांत अप्पांच्या लक्षात आलं की हा माणूस फाटकाकडे कमी आणि घोड्यांच्या कानांकडे जास्त बघतो. मग त्यांना घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार केलं.

मी तिथे आलो सत्त्याण्णवला. वय तेहेतीस, अर्जेंटिनात सहा महिने शिकून आलेलो, आणि आपल्याला सगळं येतं असा ठाम समज. शर्यतीच्या घोड्यांना ही गर्भ बदलण्याची पद्धत चालत नाही, त्यामुळे जवळच महालक्ष्मीचं रेसकोर्स असूनही तिथे माझ्या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. गिऱ्हाईक मिळालं ते अप्पांच्या रूपानं. ताजण वीस वर्षांची झाली होती. ती माजावर यायची, तिला गर्भ राहायचा, पण महिना-दीड महिन्यात निसटायचा. तिची पिशवी थकली होती. तिच्या पोटी जिवंत शिंगरू असं एकही नव्हतं.

‘‘तिची एक निशाणी हवी, डॉक्टर. बाकी मला काही नको,’’ अप्पा म्हणाले. सत्तरीच्या माणसाचा आवाज असा कापलेला मी तोवर ऐकला नव्हता.

मी त्यांना समजावलं. ताजणीला माज आला की नराकडून भरून घ्यायचं. बीज सुटल्यापासून सात-आठ दिवसांनी तिची पिशवी कोमट द्रावणानं धुऊन गर्भ बाहेर काढायचा. तो डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. तो तरुण, धडधाकट घोडीच्या पिशवीत सोडायचा. पण त्या दुसऱ्या घोडीचं बीज ताजणीच्या आगेमागेच सुटलेलं हवं. फार तर एक दिवस आधी किंवा दोन-तीन दिवस नंतर. नाहीतर तिची पिशवी तयार नसते आणि गर्भ टिकत नाही.

‘‘म्हणजे बदलीवाली,’’ मागून दौलतमामा म्हणाले. ‘‘दुसऱ्याच्या साच्यावर उभी ऱ्हवणारी.’’

तेव्हापासून तबेल्यात त्या सहा तरुण घोड्यांना सगळे बदल्याच म्हणू लागले.

कुठली घोडी कधी माजावर येते हे रोज बघणं, हे काम मामांचं. बाळ्या नावाचा एक म्हातारा तट्टू होता. रोज सकाळी दुसरा मोतद्दार रघु बाळ्याला घोड्यांसमोरून फिरवायचा आणि मामा बाजूला उभे राहून बघायचे. माजावरची घोडी शेपूट उचलते, कंबर खाली घालते. नसलेली कान मागे टाकते, लाथ झाडते. हे कुणालाही दिसतं. पण आज संध्याकाळी येईल, उद्या उतरेल, हे मामांना आदल्या दिवशी दिसायचं. मी घोडीच्या आत हात घालून बीजकोश चाचपून जे सांगायचो, ते त्यांनी सकाळीच वहीत खुणेनं मांडलेलं असायचं, माजावर असली तर बरोबर, नसली तर चूक. मला त्याचा थोडा रागही यायचा. अर्जेंटिनाला न जाता या माणसाला हे कसं कळतं?

अठ्ठ्याण्णवचा मार्च. ताजण माजावर आली, भरून झाली. बदल्यांपैकी शेवंती नावाची घोडी तिच्या बरोबरीनं चालली होती. आणि नेमका शिमगा आला.

मामा घाडी. त्यांच्या गावात मांडावर, म्हणजे गाव शिमग्याला जमतं त्या जागी, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांच्या घराचा. गावाची वर्षभराची चूकभूल एका माणसानं देवापुढे मोठ्यानं बोलायची, गावानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या वर्षी मामांचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळलेले. मामा गेले नाहीत तर मांडावर बोलणारं कुणी नव्हतं. माझ्याकडे रजा मागितली असती तर मी दिली नसती, हे त्यांना ठाऊक होतं. मी तेव्हा शिमगा-बिमगा असं म्हणणारा माणूस होतो. म्हणून त्यांनी विचारलंच नाही. रघुला सांगितलं, ‘‘दोन दिवस बाळ्याला फिरव, आठवणीनं वहीत खुणा कर,’’ आणि शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं गेले.

रघुनं बाळ्याला फिरवलंच नाही. सोमवारी सकाळी मामा एसटीतून उतरून थेट तबेल्यात आले. नखांत गुलाल, डोळ्यांत झोप. वहीत बघतात तर शनिवार-रविवार कोरे.

आता साचेवाल्याची एक सवय असते. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवायचा, गाठ मारायची, पुढे चालू. कापडात ती गाठ कुणाला दिसत नाही आणि धागा का तुटला हे कुणी विचारत नाही. उमेदीची वर्षं हात तेच करत आलेले. शेवंती शुक्रवारी माजावर होती, सोमवारी बाळ्याला लाथ मारत होती. मधलं काय ते मामांनी मनाशी जुळवलं. शनिवारी बरोबरची खूण, रविवारी चूकची. गाठ मारली. अंगठा कागदाला लागला.

इथवरचा भाग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पुढचा सांगत नाही.

रविवारी सकाळी मी स्वतः तबेल्यात गेलो होतो. ताजण तपासली. तिचं बीज आदल्या दिवशी सुटलेलं होतं. मग शेवंती तपासली. तिचं नुकतंच सुटलं होतं. एका दिवसाचं अंतर, याहून चांगलं जुळणं शक्य नाही. मी डायरीत लिहिलं. मामा कुठायत म्हणून रघुला विचारलं, तो म्हणाला नाक्यावर चहाला गेलेत. मी घरी गेलो. शेवंतीची निवड मी केली ती त्या डायरीवरून. वही मी उघडलीसुद्धा नव्हती.

पुढचा रविवार. ताजणीची पिशवी धुतली. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला बशीत तो दिसला. वाटोळा, नितळ, कडेला काही तुटफूट नाही. चांगल्या प्रतीचा गर्भ! माझ्या आयुष्यातला इथला पहिला. मला आता लाज वाटते, पण तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं ते मिरवायचं.

आम्ही गोदामाच्या कोपऱ्यात काचेची एक खोली केली होती. आत सूक्ष्मदर्शक. काचेपलीकडे लाकडी खोड्यात शेवंती गुंगीचं औषध देऊन उभी केलेली, तिची दोरी धरून मामा. अप्पा आले होते. बरोबर त्यांची मुलगी, जावई, गिरगावातले दोन मित्र.

करायला काय हवं होतं? गर्भ ताज्या द्रावणात घ्यायचा, दोन-तीनदा धुवायचा आणि दहा मिनिटांत आत सोडायचा. मी काय केलं? बशी दिव्याखालीच ठेवली आणि अप्पांना म्हणालो, या, बघा तुमचा नातू.

अप्पांनी बघितलं. त्यांचा चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. रडले. मग मुलीनं बघितलं. मग जावयानं, मग मित्रांनी. मग परत अप्पांनी. मी शेजारी उभा राहून समजावून सांगत होतो आणि कुणीतरी माझा फोटो काढत होता. सूक्ष्मदर्शकाच्या जुन्या दिव्याची काच हाताला चटका देईल इतकी तापते. तिच्या उजेडात तो थेंबभर द्रावणातला जीव चाळीस मिनिटं पडून होता. मधे एकदा काचेवर टकटक झाली. मामा दोरी दाखवून खुणेनं विचारत होते, किती वेळ? मी हातानंच थांबा म्हटलं.

सहा दिवसांनी शेवंती तपासली. रिकामी होती.

अप्पा खुर्चीत बसले. ‘‘काय चुकलं हो?’’ एवढंच म्हणाले.

त्या वेळी मी कपाटातून वही काढली. कुणी मागितली नव्हती. मला कारण हवं होतं, आणि ते माझ्याबाहेर हवं होतं. पान उलटलं आणि गुलालाचा अंगठा दिसला. मी रघुला विचारलं, रघु रडायला लागला. मामांना विचारलं.

‘‘होय,’’ ते लगेच म्हणाले. ‘‘मी गावाक गेलंय. ह्यो दोन खुणा न बघता केलंय.’’

अप्पा शिव्या देणारे नव्हते. ‘‘उद्यापासून येऊ नका, दौलत,’’ म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं. माझी डायरी तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होती. छातीला तिचा कोपरा लागत होता. ती काढली असती तर अप्पांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: अंतर बरोबर होतं ना, मग काय चुकलं? मी ती काढली नाही.

मामांनी जाताना मला एकच विचारलं. ‘‘शेवंतीक काय इजा झाली नाय मा?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग बरा.’’ आणि ज्या फाटकातून ते एकदा संपानंतर बाहेर पडले होते त्याच फाटकातून दुसऱ्यांदा बाहेर पडले. ताजणीकडून पुढे दोनदा प्रयत्न केला, बशीत काही आलं नाही. श्रावणात पोटशुळानं ती गेली. तिच्या मागे काही राहिलं नाही. तीन वर्षांनी अप्पा गेले. ते गेले तेव्हाही त्यांना हेच वाटत होतं की शिमग्यापायी त्यांची ताजण निर्वंश झाली.

एक गोष्ट नीट लिहायला हवी. तो गर्भ दिव्यामुळेच गेला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. म्हाताऱ्या घोडीचा गर्भ दिसायला चांगला असला तरी आतून अशक्त असू शकतो. सगळं बरोबर करूनही कित्येक टिकत नाहीत. त्यामुळे चाळीस मिनिटांचं काय ते मी ठरवू शकत नाही. खिशातल्या डायरीचं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. ती मी मुद्दाम लपवली.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर तीन आठवडे मी स्वतःशी भांडलो. शेवटी रघुला शोधलं. तो परळला एका इमारतीत लिफ्ट चालवतो. तो म्हणाला, ‘‘लवकर जा डॉक्टर. चाळ रिकामी करतायत. रविवारी शेवटचं.’’

मी रविवारी डिलाईल रोडला गेलो. पिशवीत नोंदवहीचं ते पान आणि माझी अठ्ठ्याण्णवची डायरी. अर्ध्या खोल्यांना कुलपं होती. गॅलरीत गाद्या, पिंपं, दोरीनं बांधलेली कपाटं. मालनबाईंनी मला ओळखलं. मला वाटलं होतं ओळखणार नाहीत.

‘‘येवा,’’ त्या म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत. बसायला काही उरलंही नव्हतं. ‘‘चोवीस वर्सांनी वाट गावली? आमचे हे दोन वर्सां त्या फाटकाच्या वाटेन गेले नाय. भाजी आणूक लांबसून जायत. घोडो दिसलो की मान खाली. लोकांका वाटायचा, चोरी करून काढल्यानी.’’

मी म्हणालो, ‘‘मामा कुठायत?’’

मामा गॅलरीच्या टोकाला होते. पाठीत वाकलेले, केस पांढरे, पण उभं राहणं तेच, दोरी धरल्यासारखं. कान आता पुरते गेले होते. सगळी उरलेली बिऱ्हाडं जमली होती, कारण निघण्याआधी वास्तूला गाऱ्हाणं घालायचं होतं आणि मजल्यावर घाडी एकच. मामांनी मला बघितलं. मान हलवली आणि नारळ हातात घेतला.

‘‘बा देवा म्हाराजा!’’ त्यांचा आवाज कान गेलेल्या माणसाचा असतो तसा मोठा होता. ‘‘ह्या वास्तूच्या म्हापुरसा! शंभर वर्सां तुया ह्या लेकरांका सावली दिलंस. आज ती तुझो उंबरो सोडून चल्ली आसत. त्यांच्या पाठीर ऱ्हव रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ गॅलरी दणाणली.

‘‘ह्या चार भिंतीत कोण कोणाक उणादुणा बोल्लो आसात, तर ता हयच ऱ्हवांदे!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आणि माझ्या हातसून एका मुक्या जनावराचो वंश बुडालो. ती चूक माझी. तुझ्या पायाशी ती ठेवतंय, नव्या घरात ती माझ्याबरोबर येवची नाय असा कर रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

माझ्या शेजारी एक म्हातारा होता, पलीकडे शाळकरी वयाची दोन मुलं. सगळ्यांच्या बरोबर माझंही तोंड उघडलं. मीही म्हणालो, व्हय म्हाराजा. मोठ्यानं म्हणालो. देवापुढे एका निरपराध माणसानं माझी चूक आपली म्हणून मांडली आणि मी तिला होकार भरला. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण याहून नीच असं माझ्या हातून काही घडलेलं मला आठवत नाही.

नारळ फुटला, खोबरं वाटलं. मी मामांच्या मागे त्यांच्या खोलीत गेलो. आत दोन खोकी, एक पातेली, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन. मालनबाई स्टोव्हवर शेवटचा चहा करत होत्या. बाहेर गॅलरीत माणसं. मी डायरी काढली, पण अक्षर बारीक आणि मामांचा चष्मा खोक्यात बांधलेला.

‘‘बोला,’’ मामा म्हणाले. ‘‘आवाज नको. माका ओठ दिसतत.’’

आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. मला वाटलं होतं ओरडून सांगावं लागेल. मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सगळं सांगितलं. रविवारी मी तपासलं होतं. अंतर एका दिवसाचं होतं. तुमची खूण बरोबरच निघाली होती. बशी मी दिव्याखाली ठेवली. डायरी खिशात होती. मी बोललो नाही. व्याख्यानांचंही सांगितलं, हशाचंही.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. एखादी घोडी माजावर आहे की नाही हे बघताना बघत, तसेच.

‘‘दिव्याचा माका म्हायत होता,’’ ते म्हणाले.

त्यांनी मूठ पुढे धरली, दोरी असावी तशी.

‘‘मी दोरी धरून उभा. काचेतसून तुमचे ओठ दिसत होते. ‘घाई नाही अप्पा, निवांत बघा.’ तीनदा म्हणालात. आदल्या दिवशी तुम्हीच रघुला सांगत होतात, दहा मिनिटांच्या वर गेलं की कठीण. तेसुद्धा मी बघितलेलं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’ मी विचारलं. या वेळी आवाज फुटला, पण त्यांना तो ऐकू गेला नसणार.

‘‘काय बोलणार? न बघता खूण केली ती मीच ना? ती बरोबर निघाली ह्या माका आज कळता. कळला ता बरा झाला.’’ त्यांनी डायरीवर हात ठेवला, वाचता येत नव्हती तरी. ‘‘पण बरोबर निघाली म्हणान ती बघून केलेली होत नाय. माझी चूक माझ्याकडे ऱ्हवांदे. मी ती सगळ्यांसमोर सांगलंय. तुमची तुम्ही बगा.’’

‘‘मी सांगितली ना आत्ता.’’

‘‘माका सांगितलीत. बहिऱ्याला. ओठांनी.’’ मामा हसले. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी स्टोव्हकडे हात केला. ‘‘ती बसलीय ना, तिला ओठ वाचता येत नाहीत. कान मात्र चांगले आहेत. चोवीस वर्सां लोकांचा बोलणा ऐकल्यान ता तिना. तिला सांगा.’’

मालनबाईंनी मागे वळून बघितलं. आमचं काय चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं. हातात चहाचं गाळणं होतं. दार उघडं होतं, बाहेर शेजारणी खोबरं खात उभ्या होत्या.

‘‘मालनबाई,’’ मी म्हणालो. ‘‘ताजणीचा गर्भ गेला, त्यात दौलतमामांची चूक नव्हती. माझी होती. मला तेव्हाच माहीत होतं.’’

त्यांनी गाळणं खाली ठेवलं. स्टोव्ह बंद केला, कारण तो फार आवाज करत होता. पदराला हात पुसले आणि दाराकडे बघितलं.

‘‘मोठ्यान सांगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भायर सगळी आसत.’’

मी दारात जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, गॅलरीच्या टोकाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.